तळहातांचा घाम : शस्त्रक्रियेपूर्वी आपण काय सांगावे?

सोलापुरात घामाचे कोणास नवल नाही. वैशाखात पारा ४२ अंशांपलीकडे गेला की सर्वांनाच घाम फुटतो. परंतु पौषातील थंडीतही ज्याचे तळहात निथळतात आणि उत्तरपत्रिका भिजते, त्याची व्यथा निराळी असते. असाच एक विद्यार्थी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सल्ला घेऊन आमच्याकडे आला. ‘करून घेऊ का?’ एवढेच त्याने विचारले.

तळहातांच्या स्वेदग्रंथींना चेतविणारी सिंपथेटिक नाडीसाखळी छातीत पाठीच्या कण्यालगत असते. अतिस्वेदासाठी ती छेदण्याचा प्रयोग कोत्झारेफ यांनी १९२० मध्ये केला. आता संपूर्ण भूल देऊन, काखेजवळील लहान छिद्रांतून, बहुधा तिसऱ्या वा चौथ्या बरगडीच्या पातळीवर ती छेदतात किंवा क्लिपने आवळतात. हात बहुतेकांचे तत्काळ कोरडे होतात.

परंतु अनेकांना पुढे पाठ, पोट व मांड्यांवर भरपाईचा घाम येऊ लागतो. काहींना तो मूळ व्याधीहून असह्य होतो. छेदलेली नाडी पूर्ववत करण्याचा खात्रीचा उपाय नाही. क्लिप काढल्यानेही हा घाम थांबेलच असे नाही. क्वचित पापणी ओघळते. यंत्रमागापाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगारास आपल्या उन्हाळ्यात याचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

म्हणून प्रथम निदान नीट करावे. दोन्ही हातांस सारखा, कोवळ्या वयापासूनचा आणि झोपेत थांबणारा घाम बहुधा प्राथमिक असतो. रात्री घाम, वजनात घट वा धडधड असल्यास क्षय, मधुमेह व थायरॉइड तपासावेत.

चरकाने स्वेदवह स्रोतसांचे मूळ मेद व लोमकूप सांगितले आहे. सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात शिरीष, लामज्जक, नागकेशर व लोध्र यांचा प्रघर्षही दिला आहे. तो जरूर योजावा. मात्र कायमच्या गुणाचे वचन देऊ नये. रात्री कोरड्या हातांस लावावयाचे ॲल्युमिनियम क्लोराइड, पाण्यातून सौम्य विद्युत्प्रवाहाचा उपचार आणि काही महिने टिकणारी बोटुलिनमची इंजेक्शने या पायऱ्याही शस्त्रक्रियेच्या अलीकडच्याच आहेत. औषधविक्रेते बंधूंनीही ग्राहकास हे सांगावे.

त्या विद्यार्थ्यास आम्ही ‘करा’ म्हटले नाही, ‘करू नका’ असेही म्हटले नाही. शल्यचिकित्सकांना विचारावयाचे तीन प्रश्न कागदावर लिहून दिले : नाडी कोणत्या पातळीवर छेदणार? आपल्या किती रुग्णांना भरपाईचा घाम आला? तो असह्य झाल्यास पुढे काय? निर्णय त्याचा आहे. तो डोळसपणे व्हावा, हे आपले कर्तव्य.