पॅसिफिकचे वारे आणि पूर्णेचा पेरा

दरवर्षी एप्रिलमध्ये हवामान खाते मॉन्सूनचा पहिला अंदाज देते आणि ‘एल निनो’ची चर्चा सुरू होते. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात सोयाबीन, कापूस, तूर ही पिके मॉन्सूनच्या भरवशावर पेरली जातात. त्यांचा हजारो किलोमीटर दूरच्या पॅसिफिक महासागराशी काय संबंध?

संबंध जोडतो तो वारा. विषुववृत्ताजवळ व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि समुद्राचा वरचा थर सोबत ओढून नेतात. उन्हाने तापलेले हे पाणी इंडोनेशियाच्या बाजूला साठते. तिथली समुद्रपातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. पेरूच्या किनाऱ्याजवळून गेलेल्या पाण्याची जागा खालून वर येणारे गार पाणी घेते.

पाण्यासोबत उष्णताही सरकते, आणि ती थोडीथोडकी नसते. समुद्राच्या वरच्या अवघ्या तीनेक मीटर थरात जवळपास सगळ्या वातावरणाइतकी उष्णता मावते. गरम पाण्यावरची दमट हवा वर चढते आणि तिथे ढग जमतात.

काही वर्षांनी हे वारे मंदावतात. साठलेले गरम पाणी पूर्वेकडे परततं, त्यामागोमाग ढगही सरकतात. हाच एल निनो. अशा वर्षी भारतावर हवा वर चढण्याऐवजी खाली उतरण्याकडे कल असतो आणि मॉन्सून अशक्त होतो. २०१५ मध्ये देशात १४ टक्के पाऊस कमी पडला, मराठवाड्यात ही तूट ४० टक्क्यांच्या घरात होती. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला.

मात्र एल निनो म्हणजे दुष्काळच, असे नाही. १९९७ मध्ये एल निनो अतितीव्र असूनही देशात सरासरीइतका पाऊस झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग जास्त तापला होता आणि त्याची मॉन्सूनला मदत झाली, असे मानले जाते.

म्हणून एल निनोची बातमी ऐकून हातपाय गाळू नयेत, तसेच पहिल्या सरीवर चाड्यावर मूठही धरू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावरच पेरावे. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतले, तर एक पीक हुकले तरी दुसरे हाताशी राहते. वारे आपल्या हातात नाहीत, पेरणीची वेळ मात्र आहे.