शब्दांची खतावणी

दीपावलीच्या अमावास्येस, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, वहीपूजन करावे आणि दुसऱ्या दिवसाच्या प्रतिपदेपासून वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष मांडावे, ही चाल आपल्या पेढ्यांतून अद्याप टिकून आहे. आता वहीच्या शेजारी संगणकालाही हळदकुंकू लागते आणि ते योग्यच आहे. कारण वही म्हणजे केवळ कागद नव्हे, ती पेढीची स्मृती आणि पेढीची पत होय. परंतु एक भेद लक्षात घेतला पाहिजे. लाल वहीतील प्रत्येक शब्द मालकाच्या अंगवळणी पडलेला असे. जमा, नावे, कीर्द, खतावणी यांचे अर्थ गादीवरच्या नव्या पोरालाही दोन महिन्यांत कळत. संगणकातील वहीचे शब्द मात्र कानाला ओळखीचे आणि अर्थाने परके असतात. मालक एक अर्थ घेतो, संगणक सांभाळणारा गृहस्थ दुसरा; आणि या अंतराची किंमत शेवटी पेढी भरते.

शब्दांचा असा घोटाळा उकलण्याची एक रीत आपल्या शास्त्रात पूर्वीच सांगितलेली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप येतात. मुलाचे नाव इंद्र ठेवले तर तो नामाने इंद्र. इंद्राची मूर्ती ती स्थापनेने इंद्र. जो जीव पुढे इंद्र व्हावयाचा आहे तो द्रव्याने इंद्र. आणि प्रत्यक्ष इंद्रपदावर असलेला तो भावाने इंद्र. शब्द एकच, परंतु तो कोणत्या अर्थाने उच्चारला हे ठरल्यावाचून वाद करू नये, असे हे तत्त्व आहे. डेटाबेसच्या परिभाषेलाही ते चांगले लागू पडते.

प्रथम ‘डेटाबेस’ हाच शब्द घेऊ. नोंदींचा व्यवस्थित संग्रह म्हणजे डेटाबेस. ती आपली वही. त्या नोंदी ठेवणारी, शोधून देणारी आणि राखणारी यंत्रणा निराळी, ती दिवाणजी. पडद्यावर बिले काढून देणारा प्रोग्राम तिसराच. तो दुकानातील मांडणीसारखा. लोक तिघांनाही डेटाबेस म्हणतात. दिवाणजी बदलला म्हणून वही त्याच्याबरोबर जात नाही, हे आपण जाणतो. मग प्रोग्राम बदलताना नोंदी आपल्या हाती कोणत्या रूपात येतील, हा प्रश्न कराराच्या आधीच विचारावयास हवा. टॅलीमध्ये तर ‘लेजर’ म्हणजे एकच खाते, आणि हिशोबशास्त्रात लेजर म्हणजे सबंध खतावणी. ‘लेजर काढून टाका’ या तीन शब्दांचे दोन अर्थ किती दूरचे आहेत, हे वाचकांनीच ताडावे.

दुसरा शब्द ‘रिलेशन’. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात नोंदी साध्या तक्त्यांच्या रूपाने ठेवण्याची कल्पना मांडली. अशा तक्त्याला त्यांनी गणितातील ‘रिलेशन’ ही संज्ञा दिली. म्हणून ‘रिलेशनल’ याचा अर्थ ‘एकमेकांशी नाते असलेले तक्ते’ असा नव्हे, जरी शिकविताना पुष्कळदा तसेच सांगितले जाते. तक्त्यातील आडवी ओळ म्हणजे एक नोंद, उभा रकाना म्हणजे आपल्या देशी नाम्यातील घडीची सळ. एका तक्त्याचे दुसऱ्याशी नाते जुळते ते ‘की’च्या योगाने.

ही ‘की’ कुलपाची किल्ली नव्हे. नोंद निःसंशय ओळखून देणारी खूण म्हणजे प्रायमरी की. तीच खूण दुसऱ्या तक्त्यात आधारासाठी लिहिली की तेथे ती फॉरेन की होते, जशी कीर्दीतील रकमेपुढे खतावणीच्या पानाचा आकडा. ही खूण नावाने का भागत नाही, हे आपल्या सीमाभागाइतके दुसऱ्या कोणास कळणार? आदिलाबाद जिल्ह्यात तामसी, तर सीमेपलीकडे नांदेड जिल्ह्याच्या हदगाव तालुक्यात तामसा. तेलुगू, मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा चार लिप्यांतून फिरताना एका मात्रेची चूक झाली की कापसाची गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते, निदान कागदावर तरी! शिवाय गाव जागचे न हलता त्याचा पत्ता बदलतो. तामसी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती, पुढे आंध्र प्रदेशात आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे; आणि किनवट, जे १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, ते आज महाराष्ट्रात आहे. वाहनांचे पाहा. आदिलाबादेत नोंदलेल्या गाडीवर आधी एपी ०१, २०१४ नंतर टीएस ०१ आणि २०२४ पासून टीजी ०१ अशी अक्षरे आली. अक्षरांवरून जिल्हा ठरविणाऱ्या यंत्राला एकाच अंगणातील तीन गाड्या तीन ठिकाणच्या वाटतील. तात्पर्य, खूण अशी असावी की जग बदलले तरी ती बदलू नये.

जीएसटी क्रमांक ही तरी निर्दोष की आहे काय? त्यातील पंधरा चिन्हांपैकी पहिले दोन अंक राज्याचे, तेलंगणास ३६ व महाराष्ट्रास २७, आणि पुढील दहा चिन्हे पॅनची असतात. नदीच्या दोन्ही तीरांवर दुकान असलेल्या एकाच पेढीचे पॅन एक, परंतु जीएसटी क्रमांक दोन. तेव्हा ‘पार्टी’ म्हणजे पेढी की नोंदणी, हे आधी ठरले पाहिजे. नाही तर येणेबाकी दोन ठिकाणी विभागते, किंवा उलटपक्षी राज्यांतर्गत कर आणि आंतरराज्य कर यांची गल्लत होते. आणि ज्याच्याकडून आपण कापूस घेतो त्या शेतकऱ्यास हा क्रमांक नसतोच. १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो कर नोंदणीकृत खरेदीदारानेच उलट पद्धतीने भरावयाचा आहे. म्हणून पेढीने प्रत्येक खात्यास आपला स्वतंत्र क्रमांक द्यावा, आणि पॅन, जीएसटी क्रमांक व गाव ही त्या खात्याची केवळ माहिती मानावी, हेच श्रेयस्कर.

‘नल’ या शब्दाने तर पुष्कळांना चकविले आहे. नल म्हणजे शून्य नव्हे. ‘ठाऊक नाही’ एवढेच तो सांगतो. समजा, कापसाच्या चार गाड्या आल्या. तिघींची आर्द्रता ८, १० आणि १२ टक्के भरली. चौथीची मोजलीच नाही. ती जागा नल ठेवली तर सरासरी तिघींची, म्हणजे १० टक्के. तेथे शून्य लिहिले तर सरासरी ७.५ टक्के! जो कापूस भारतीय कापूस निगमाच्या ८ टक्क्यांच्या आधाराहून ओला, तो कागदावर कोरडा ठरतो. न मोजलेले शून्य म्हणून लिहिणे हे नकळत बोललेले असत्यच होय.

‘ट्रान्झॅक्शन’ म्हणजे बाजारात सौदा. डेटाबेसमध्ये मात्र ज्या नोंदी सगळ्या व्हाव्यात किंवा एकही होऊ नये असा गट. एका खात्यात नावे पडले आणि वीज गेल्यामुळे दुसऱ्यात जमा झालेच नाही, तर यंत्र पहिली नोंदही मागे घेते. हा आपल्या दुहेरी नोंदीचाच धर्म आहे. चुकीची रकम खोडू नये, उलट नोंदीने दुरुस्त करावी, हा जुना दंडकही नव्या रूपाने परत आला आहे: १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे कायद्याने आवश्यक आहे.

शेवटी सर्वांत महाग शब्द, ‘बॅकअप’. येथे चारही निक्षेप लावून पाहावेत. ज्या फाइलीचे नाव तेवढे बॅकअप आहे, ती नामाने बॅकअप. दोन यंत्रांत एकसारखे दिसणारे प्रतिबिंब हे स्थापनेने बॅकअप. मूळ नोंद पुसली की प्रतिबिंबातूनही ती पुसली जाते. निराळ्या जागी ठेवलेली, परंतु कधी उघडून न पाहिलेली प्रत द्रव्याने बॅकअप. उद्या ती उपयोगी पडेल अशी केवळ आशा. आणि जिच्यातून हिशोब पुन्हा उभा करून, बाकी जुळवून पाहिली आहे, तीच भावाने बॅकअप. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशोब जतन करावा लागतो. इतका काळ नामाच्या आणि स्थापनेच्या बॅकअपवर विसंबणे म्हणजे कोऱ्या हुंडीवर पैसे मोजण्यासारखे आहे.

म्हणून आपल्या मंडळाच्या सभासदांस नम्र विनंती अशी: येत्या वहीपूजनाच्या वेळी वहीच्या पहिल्या पानावर हे शब्द आणि आपल्या पेढीने त्यांचा ठरविलेला अर्थ मराठीत लिहून ठेवावा, संगणक सांभाळणाऱ्याने आणि मालकाने दोघांनी त्यावर सही करावी, आणि त्याच आठवड्यात एकदा बॅकअपमधून हिशोब उभा करून बाकी मिळवून पाहावी. आपल्या वाडवडिलांनी शब्दाला जागून पत कमावली. शब्दाला जागावयाचे तर आधी त्याचा अर्थ ठरलेला असला पाहिजे.