अनस्कूलिंग : शाळा हवीच, पण घरचे शिकणेही हवे

शहरांतील काही पालकांमध्ये सध्या 'अनस्कूलिंग'ची चर्चा आहे. अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७० च्या दशकात हा शब्द रूढ केला. होमस्कूलिंगमध्ये बहुधा ठरलेला अभ्यासक्रमच घरी शिकवतात. अनस्कूलिंगमध्ये अभ्यासक्रम, वेळापत्रक, परीक्षा काहीच नसते. मूल ज्यात रमते त्यातून शिकते. पालक सोबत राहतात, साधने पुरवतात.

नीट पाहिले तर यातले बरेच काही आपल्या घरात घडतच असते. मूल बोलायला शिकते ते व्याकरणाच्या तासाशिवाय. बाजारात सुटे पैसे मोजताना, लाईट बिल वाचताना, आजीकडून गावच्या गोष्टी ऐकताना ते शिकत असते. पण मूल पहिलीत गेले की आपण शिकण्याची सारी जबाबदारी शाळेवर आणि क्लासवर टाकतो. घरात 'अभ्यास झाला का?' एवढाच प्रश्न उरतो आणि मुलाच्या 'का?'ला 'गप बस' हे उत्तर मिळते.

आपली परंपरा याहून वेगळी आहे. मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात तथागत राहुलला खोटे बोलण्याविषयी समजावतात, ते भांड्यात उरलेल्या थोड्याशा पाण्यावरून. मग विचारतात, आरसा कशासाठी असतो? कोणतीही कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तिच्याकडे आरशात पाहावे तसे पाहायला ते शिकवतात. साधन रोजच्या वापरातले आणि पद्धत प्रश्नाची.

रामजी सुभेदारांनीही बाबासाहेबांना घरी इंग्रजी शिकवले, तर्खडकरांच्या भाषांतरमाला करून घेतल्या. परळच्या चाळीत एकाच खोलीत संसार होता, तरी पुस्तके येत राहिली. पण त्याच रामजींनी मुलाला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्येही घातले. साताऱ्याच्या शाळेत मुलाला वेगळे बसवले जात होते, तरीही त्यांनी शाळा सोडवली नाही.

आज हाच मुद्दा आपल्यासाठी कळीचा आहे. ज्या घरात इंग्रजी, पुस्तके, ओळखी आणि दिवसभर मोकळा वेळ आहे, ते घर शाळेशिवाय निभावून नेईल. नाक्यावर काम शोधणाऱ्या मजुराच्या मुलाची शाळा सुटली तर त्याला अनस्कूलिंग म्हणत नाहीत, गळती म्हणतात. जात पडताळणी आणि शिष्यवृत्तीच्या वेळी शाळेचा दाखला लागतो. फुले दांपत्याने १८४८ मध्ये उघडलेले दार आपण स्वतःहून का लावून घ्यावे? ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क संविधानाने दिला आहे. शाळेत मुलाचा अपमान होत असेल तर तिथेच जाब विचारला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. त्या खुर्च्यांवर आपली माणसे बसली पाहिजेत.

मग अनस्कूलिंगमधून काय घ्यायचे? मुलाच्या प्रश्नाला मान द्यायचा आणि उत्तर ठाऊक नसेल तर 'चल, मिळून शोधू' म्हणायचे. घरखर्चाचा हिशोब त्याला सोबत घेऊन करायचा. कार्यकर्त्यांनी रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवावा. त्या अर्ध्या तासात भाषण नको. मुलांनी विचारावे आणि मोठ्यांनी ऐकावे. अशी मुले शाळेतही मान वर करून बसतील.

जय भीम, नमो बुद्धाय!