न पाहिलेल्या काळाची स्मृती

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. या संहाराला ‘होलोकॉस्ट’ आणि हिब्रू भाषेत ‘शोआ’, म्हणजे महाविनाश, असे म्हणतात. त्यातून वाचलेल्यांपैकी अनेकांनी निर्वासितांच्या छावण्यांत, इस्रायलमध्ये किंवा अमेरिकेत नव्याने संसार मांडले, आणि त्या संसारांत जन्मलेल्या मुलांना अभ्यासक ‘दुसरी पिढी’ म्हणून ओळखतात.

या मुलांनी छळछावणी पाहिली नव्हती, तरी तिची छाया त्यांच्या घरांवर होती. काही घरांत आईवडील त्या दिवसांविषयी चकार शब्द काढत नसत, तर काही घरांत त्याच कथा पुनःपुन्हा कानी पडत. पूर्व आणि मध्य युरोपातील ज्यूंमध्ये दिवंगत आप्ताचे नाव नवजात बाळाला देण्याची रीत असल्याने कित्येक मुलांना मारल्या गेलेल्या आजोबांचे, मावशीचे किंवा भावंडाचे नाव मिळाले. अशा कुटुंबांत एखाद्या अपत्यावर मृतांची आठवण जपण्याचा भार नकळत टाकला जातो, हे ओळखून इस्रायली मानसोपचारतज्ज्ञ दिना वार्डी यांनी त्या अपत्याला ‘स्मरणज्योत’ म्हटले.

हा भार बराच काळ ज्याने त्याने एकट्यानेच वाहिला. प्रागमध्ये १९४७ साली जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या पत्रकार हेलन एपस्टीन यांनी आपल्यासारख्याच इतरांच्या मुलाखती घेऊन १९७९ मध्ये ‘चिल्ड्रेन ऑफ द होलोकॉस्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा आपली अस्वस्थता एका संपूर्ण पिढीची आहे, हे अनेकांना प्रथमच उमगले. पुढे १९९० च्या दशकात अभ्यासक मारिआन हिर्श यांनी या अनुभवाला ‘पोस्टमेमरी’ म्हणजे उत्तरस्मृती ही संज्ञा दिली. स्वतः न भोगलेला, पण कथा, छायाचित्रे आणि घरातील वागण्यातून इतक्या तीव्रतेने पोहोचलेला भूतकाळ की तो स्वतःच्याच आठवणीसारखा वाटू लागतो, असा तिचा अर्थ आहे.

मात्र ‘आठवणीसारखा’ आणि ‘आठवण’ यांतील अंतर पुसले जाऊ नये, याची जाण आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माऊस’ या चित्रकथेत विलक्षण प्रामाणिकपणे व्यक्त झाली आहे. १९८६ आणि १९९१ मध्ये दोन खंडांत ग्रंथरूपाने आलेल्या आणि १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळालेल्या या कृतीत ज्यू उंदरांच्या, तर जर्मन मांजरांच्या रूपात येतात, आणि आउश्वित्झ या छळछावणीतून वाचलेले स्पीगलमन यांचे वडील व्लादेक मुलाच्या प्रश्नांना उत्तरे देतात. आई आन्या यांनी १९६८ मध्ये आत्महत्या केली होती आणि त्यांच्या वह्या वडिलांनी जाळून टाकल्या होत्या. त्यामुळे त्यांची बाजू मुलाला कधीच कळत नाही, आणि तो ती कल्पनेने रचतही नाही.

छावणीच्या फाटकावर कैद्यांचा वाद्यवृंद वाजत असे, असे मुलाने वाचलेले असते, पण वडिलांना केवळ चालणे आठवते, वाद्यवृंद नाही. तेव्हा चित्रकार चालणाऱ्यांच्या रांगा अशा रेखाटतो की त्यांच्यामागे वाद्यांचे कोपरे तेवढे दिसत राहतात. इतिहासाची नोंद आणि वडिलांची आठवण या दोहोंना एकाच चौकटीत जागा देणारे ते चित्र दुसऱ्या पिढीचे खरे काम काय, ते दाखवून देते: आईवडिलांचे ऐकणे, ते पडताळणे, आणि तरीही त्यांचे म्हणणे खोडून न टाकणे.