इंग्रजीतील पूर्ण वाक्य : मुलांना कसे शिकवावे?

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तरीही अनेक मुलांची स्थिती अशी की, शेकडो इंग्रजी शब्द पाठ असतात, परंतु एक साधे पूर्ण वाक्य लिहिताना लेखणी अडखळते. मग मूल उत्तरे घोकून लिहिते आणि त्याचा स्वतःचा विचार कागदावर उतरतच नाही. हा दोष मुलाच्या बुद्धीचा नव्हे; बहुतेक वेळा अडचण दोन भाषांच्या रचनेतील भेदाची असते.

'घरी गेलो' एवढे म्हटले तरी मराठी वाक्य पूर्ण होते, कारण कर्ता क्रियापदाच्या रूपातूनच कळतो. इंग्रजीत नुसते 'वेंट होम' अपुरे ठरते. तेथे 'आय' लिहावेच लागते. 'तो माझा भाऊ' हे आपल्याला चालते. इंग्रजीत 'इज' गाळून चालत नाही. आपण 'पाऊस पडतो आहे' म्हणतो. इंग्रजीत 'इट इज रेनिंग' असा नाममात्र कर्ता आणावा लागतो. शिवाय आपले क्रियापद शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्म येण्यापूर्वीच येते : 'मी भात खातो', 'आय ईट राइस'.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाक्याची पूर्णता लांबीवर अवलंबून नसते. 'बर्ड्स फ्लाय' हे दोन शब्दांचे पूर्ण वाक्य आहे; 'द बिग रेड बस नियर द स्टेशन' यात सात शब्द असूनही वाक्य नाही, कारण बसचे काय झाले हे सांगणारे क्रियापदच नाही.

म्हणून मुलाला प्रत्येक वाक्यापाशी मराठीतूनच दोन प्रश्न विचारावेत : कोणाविषयी लिहिलेस? त्याच्याविषयी काय सांगितलेस? दोन्ही उत्तरे मिळाली की 'काय?', 'कोठे?', 'केव्हा?' असे विचारून वाक्य वाढवावे : 'मदर कुक्स', 'मदर कुक्स राइस', 'मदर कुक्स राइस अ‍ॅट होम'. देवनागरीत मोठे व लहान अक्षर असा भेद नसल्याने पहिले अक्षर मोठे लिहिण्याची सवय मुद्दाम लावावी. शेवटी पूर्णविराम द्यावा.

चूक आढळल्यास वही लाल शाईने रंगवू नये. 'येथे कोण राहून गेले?' एवढेच विचारावे. मूल स्वतःच शोधते. रोज घरातल्या, शेतातल्या, बाजारातल्या गोष्टींवर तीन वाक्ये लिहून घेतली तरी पुरे. मातृभाषेत स्पष्ट विचार करणारे मूल परक्या भाषेतही धीराने लिहू लागते, असे आम्हास वाटते.