केसपेपरात न मावणारं माणूस
(लेखमाला : छप्पर आणि सोबत – लेखांक ४)

१९९३ सालचं मद्रास. विमेन्स ख्रिश्चन कॉलेजच्या बाहेर एक बाई अर्धवट कपड्यांत, भ्रमिष्टासारखी फिरत होती. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या विशीतल्या मैत्रिणींनी तिला कुठंतरी दाखल करायची खटपट केली, पण तिला ठेवून घ्यायला सहजी कोणी तयार होईना. त्या खटपटीतून ‘द बनियन’ ही संस्था उभी राहिली.

रस्त्यावरच्या आजारी बाईला आणायचं, उपचार करायचे, बरं वाटलं की घरी पोचवायचं, असं हे काम. अनेकजणी घरी पोचल्याही. पण काहींना पत्ताच आठवेना आणि काहींच्या घरच्यांनी त्यांना घरात घेतलं नाही. उपचार संपले, मुक्काम संपेना.

हे दुखणं देशभरचं. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार सरकारी मनोरुग्णालयांतले ३६ टक्क्यांहून अधिक रुग्ण वर्षाहून जास्त काळ तिथंच होते. खरं तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १९ स्पष्ट आहे : कुटुंब नाही किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही.

मग राहायचं कुठं?

चेन्नईत २०१५च्या सुमारास सुरू झालेला ‘द बनियन’चा ‘होम अगेन’ हा उपक्रम या प्रश्नाला उत्तर म्हणून आला. चारचौघांच्या वस्तीत घर भाड्यानं घ्यायचं, चार-पाच जणींनी एकत्र राहायचं, हाताशी सहायक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१च्या मार्गदर्शिकेत या उपक्रमाची चांगलं उदाहरण म्हणून नोंद घेतली. पुढे त्याची घरं तमिळनाडूबाहेरही उभी राहिली.

घर मिळालं, तरी त्यात कुणी कुणासोबत राहायचं हा प्रश्न उरतोच. केसपेपरात आजाराचं नाव असतं, गोळ्या असतात, डोस असतो. समजा, दोघींचा आजार एकच आहे म्हणून त्यांना एका खोलीत टाकलं. पहिली पहाटे पाचला उठून भांडी वाजवणारी. दुसरी रात्रीच्या गोळीनं आठपर्यंत गुंगीत. एकीला मासळीशिवाय घास उतरत नाही, दुसरी सोवळ्यातली. एक मराठी मुलखातून भरकटत आलेली. वीस वर्षांत रसम-भात अंगवळणी पडला, पण चिडली की तोंडून मराठीच येते आणि ती समोरचीला कळत नाही. आठवड्यात दोघींचं वाजणार. मग केसपेपरावर ‘आजार बळावला’ अशी नोंद पडायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून ‘होम अगेन’मध्ये कुणासोबत राहायला आवडेल, हे राहणारीलाच विचारतात. संस्थेत राहताना मैत्र जुळलं असेल तर त्याच मैत्रिणींचं घर होतं. शहरात राहायचं की गावाकडं, हेही विचारायचं. शिवाय स्वयंपाक येतो का, पैसे मोजता येतात का, देव्हारा हवा का, गर्दीत जीव घाबरतो का, हेही. एकीला फक्त बाजारात जाताना सोबत लागते, दुसरीला अंघोळीपासून. एकाच घरात मदत अशी कमी-जास्त वाटावी लागते.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे आवड विचारणं. वर्षानुवर्षं ताटात येईल ते खाल्लेल्या बाईला ‘आज भाजी कुठली करू या?’ म्हटलं, तर ती गप्प राहते. तिच्या वतीनं आपणच ठरवून चालत नाही. थांबावं लागतं, बाजारात सोबत न्यावं लागतं. एखाद्या दिवशी ती वांगी उचलून पिशवीत टाकते. तिच्या गरजा-आवडींच्या आराखड्यात मग एक ओळ वाढते.

अशा घराला भाड्यानं जागा मिळवताना घरमालकाला काय आणि किती सांगायचं, ते पुढच्या लेखांकात.