पीएचडी करायचीय? पण कोणाकडे?

मास्टर्स झालं, नोकरी लागली, तरी डोक्यातला पीएचडीचा किडा काही गप्प बसत नाही! मग अर्ज नेमका कुठे करायचा? बड्या नावांची यादी करायला बसण्याआधी हे वाचाच...

ऑफिसच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता कुणीतरी हळूच सांगतं, ‘पीएचडीला अप्लाय करतोय.’ पुढचा प्रश्न ठरलेला, ‘कुठे?’ उत्तरही ठरलेलं. आयआयटी, टीआयएफआर, नाहीतर थेट अमेरिका! ‘कोणाकडे?’ असं मात्र कुणीच विचारत नाही. खरं तर तोच प्रश्न आधी यायला हवा.

मास्टर्सला डझनभर प्राध्यापक शिकवून जातात. एखादा बोअर झाला तर पुढच्या सेमिस्टरला सुटका! पीएचडीत ती सोय नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान ३ वर्षं लागतात, साधारण मुदत ६ वर्षांची असते आणि पुढे मुदतवाढीचीही सोय आहे. म्हणजे विशीतली उरलेली वर्षं एकाच गाईडच्या भरवशावर. लग्नाच्या बोलणीत आपण जेवढी चौकशी करतो, निदान तेवढी तरी इथे करायला नको का?

आधी माणूस, मग कॅम्पस

याच नियमांनुसार प्रोफेसरकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, असोसिएट प्रोफेसरकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४ विद्यार्थी असू शकतात. तुमच्या लाडक्या गाईडकडे जागाच नसेल, तर त्या युनिव्हर्सिटीच्या नावाचं काय लोणचं घालायचं? तेव्हा अर्जाआधी एक छोटासा, नेमका ई-मेल टाकाच.

दुसरं काम म्हणजे ‘शोधगंगा’. भारतातल्या युनिव्हर्सिट्यांचे प्रबंध इथे फुकटात वाचायला मिळतात. गाईडचं नाव टाका आणि त्यांच्या हाताखालचे आधीचे प्रबंध काढा. नोंदणी कधी झाली, काम कधी संपलं, याच्या तारखा बऱ्याचदा दिलेल्या असतात. हिशेब तुमचा तुम्हीच करा! आणि सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठून ‘सर कसे आहेत?’ असं गुळमुळीत विचारू नका. ‘ड्राफ्ट परत यायला किती दिवस लागतात?’ आणि ‘मध्येच सोडून किती जण गेले?’ असं थेट विचारा.

तुमच्या विषयाचं घर कुठे?

प्रत्येक विषयाची आपली घरं असतात. रेडिओ खगोलशास्त्र करायचं तर पुण्याचं एनसीआरए. जीएमआरटीच्या ३० अवाढव्य डिश त्यांच्याच, नारायणगावजवळ खोडदला. पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज, लोकसंख्येच्या अभ्यासाला देवनारची आयआयपीएस, समुद्रशास्त्राला गोव्यात दोना पावलाची एनआयओ. पेशवाईवर काम करायचं असेल तर परदेशात ॲडमिशन घेऊनही कागद बघायला पुण्याच्या पेशवे दफ्तरातच यावं लागणार! उलट कधीकधी तुमच्या विषयातली माणसं खरंच सातासमुद्रापार असतात. मग तिकडे बघायलाच हवं. लांबचं ते भारी किंवा जवळचं ते सोयीचं, हे दोन्ही हिशेब फसवे.

पैशाचं काय?

घराचा ईएमआय आणि आईबाबांचं वय पीएचडीसाठी थांबत नाही. जानेवारी २०२३ पासूनच्या दरांप्रमाणे जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आणि एसआरएफ झाल्यावर ४२,००० रुपये. घरभाडे भत्ता वेगळा. जून २०२४ पासून यूजीसी-नेटच्या स्कोअरवर पीएचडी प्रवेशाचीही सोय झालीय. पण नेटची फेलोशिप मिळते ती जेआरएफवाल्यांनाच. शिवाय बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्यातल्या संस्थाही आपापल्या समाजगटांतल्या संशोधकांना फेलोशिप देतात.

अमेरिकेत सायन्स-इंजिनिअरिंगच्या बऱ्याच विभागांत शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या बदल्यात फी माफ होते आणि स्टायपेंडही मिळतो. पण ५ वर्षं किंवा जास्त धरून चला. बरेचसे अर्ज डिसेंबरच्या आसपास बंद होतात. जर्मनीत पीएचडी ही बऱ्याचदा चक्क नोकरी असते. जाहिरात येते, अर्ज करायचा, करार आणि पगार! ब्रिटनमध्ये ३-४ वर्षांत काम आटोपतं, पण तिथे ॲडमिशन मिळाली म्हणजे फंडिंग मिळालंच असं नाही. फंडिंगशिवायची ऑफर म्हणजे अर्धीच ऑफर. नोकरीचा राजीनामा टाइप करण्याआधी उरलेली अर्धी हातात हवी.

नोकरी सांभाळून?

जमतं! यूजीसीचे नियम पार्ट टाइम पीएचडीला परवानगी देतात. मात्र कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. अभ्यासाला वेळ देऊ आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं करू, असं त्यात कंपनीला लिहून द्यावं लागतं. तेव्हा आधी बॉसशी बोला, मग फॉर्म भरा. आणि ‘घरबसल्या परदेशी पीएचडी’च्या जाहिरातींपासून चार हात लांबच राहा. एज्युटेक कंपन्यांमार्फतच्या अशा ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असा इशारा यूजीसी आणि एआयसीटीईने ऑक्टोबर २०२२ मध्येच दिलाय.

अर्ज पाठवण्याआधी...

• गाईडचे अलीकडचे दोन पेपर वाचा. दुसऱ्याच पानावर जांभई आली, तर नाव खोडा.
• ‘मला नेमकं काय शोधायचंय?’ हे चार ओळींत लिहा. जमत नसेल तर वर्षभर थांबायला हरकत नाही.
• ज्या विभागात तुमच्या विषयाचे निदान दोन गाईड असतील, त्याला झुकतं माप द्या. एक निवृत्त झाला किंवा संस्था सोडून गेला, तर दुसरा असतो.
• परदेशात प्रत्येक अर्जाची फी वेगळी पडू शकते. १५ ठिकाणी अंदाधुंद अर्ज करण्यापेक्षा ६ ठिकाणी विचार करून करा.
• घरच्यांना महिन्याचा आकडा आणि वर्षांचा आकडा, दोन्ही आधीच सांगून टाका.